हेगला येण्याआधी राव चाळीस वर्षं काय करत होते?

तू लिहिलंयस, "ताई, पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शेवटचं वर्ष आहे, नेदरलँड्समध्ये लायडनला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमला प्रवेश मिळालाय, बाबा कर्ज काढायला तयार आहेत. बी. एन. राव यांच्यासारखं करिअर करायचंय. येऊ का?"

ये. पण रावांचं नाव घेतलंस म्हणून जरा लांबण लावते. त्यांच्या चरित्राचं शेवटचं पान वाचून विमानात बसणारे बरेच असतात. मीही तशीच बसले होते.

बेनेगल नरसिंह राव इथे हेगला, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, न्यायाधीश म्हणून आले 1952 साली, पासष्टीला टेकल्यावर. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात झुरिकमध्ये वारले. म्हणजे हेगची कारकीर्द पुरती दोन वर्षांचीही नाही. त्याआधी काय? केंब्रिजहून येऊन 1910 साली आयसीएस या ब्रिटिशकालीन सनदी सेवेत रुजू, मग बंगाल-आसामातली नोकरी, कलकत्ता हायकोर्टात न्यायाधीशपद. 1935चा भारत सरकार कायदा आल्यावर देशातले जुने कायदे त्याच्या चौकटीत बसवायचं काम त्यांच्याकडे आलं: कलम उघडा, शब्द बदला, पुढचं कलम. सिंधूच्या पाण्यावरून पंजाब आणि सिंध भांडत होते, त्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष तेच. हिंदू कायदा समितीचे अध्यक्षही तेच, आणि तिथे त्यांच्यासोबत सदस्य होते तुझ्याच कॉलेजचे पहिले प्राचार्य ज. रा. घारपुरे. रावांचा धागा शोधायला तुला लॉ कॉलेज रस्त्याबाहेरही जावं लागणार नाही.

पुढे घटनासमितीचे सल्लागार, तेही बिनपगारी. ऑक्टोबर 1947च्या त्यांच्या कच्च्या मसुद्यात 243 कलमं आणि 13 परिशिष्टं होती. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात त्या मसुद्याचं श्रेय मोकळेपणाने रावांना दिलं. अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आल्यावर राव 'ड्यू प्रोसेस'च्या, म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हे कोर्टाने तपासण्याच्या, विरोधात गेले आणि शेवटी जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम 21मध्ये 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' आली. हे मला आजही पटत नाही. गोपालन खटल्यात 1950 सालीच त्याची किंमत मोजावी लागली: स्थानबद्धतेचा कायदा न्याय्य आहे का, हे तपासायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला. कार्यपद्धती न्याय्यच हवी, असं कोर्टाने म्हणायला 1978चा मेनका गांधी खटला उजाडला. पण चूक असो वा बरोबर, ज्याच्या एका सल्ल्याने कोट्यवधी लोकांच्या हक्कांचं कलम बदलतं, त्याच्याकडे हेगमध्ये बोलण्यासारखं काहीतरी असतं.

मुत्सद्देगिरीचाही एक प्रसंग सांगते. जून 1950मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे रावांकडे होतं, आणि कोरियात युद्ध पेटलं. उत्तर कोरियाच्या हल्ल्याबद्दलच्या 25 जूनच्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला. 27 जूनला दक्षिण कोरियाला मदत करण्याचा ठराव आला तेव्हा दिल्लीहून सूचनाच पोचली नव्हती. एवढा कायदेपंडित, अध्यक्षाच्या खुर्चीत, आणि मत देता येईना. दोन दिवसांनी भारताने ठराव मान्य केला. परराष्ट्र खात्यात जायचं असेल तर हे आधी पचव: बुद्धी तुझी, शब्द सरकारचा.

आता तुझं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश पंधरा, मुदत नऊ वर्षं, निवड संयुक्त राष्ट्रांची महासभा आणि सुरक्षा परिषद यांच्या मतदानातून. त्यासाठी तुझं सरकार तुझ्या पाठीशी उभं असावं लागतं, लायडनची पदवी नव्हे. रावांनंतर इथे न्यायाधीश झालेले भारतीय बघ: नगेंद्र सिंह आयसीएसमधून आले, पाठक भारताचे सरन्यायाधीश होते, भंडारी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि मग सुप्रीम कोर्टात. एकही जण एलएलएम करून इथे नोकरी शोधत राहिला नव्हता. नव्या पदवीधरांसाठी न्यायालयाची फेलोशिप आहे, पण उमेदवार विद्यापीठाने पाठवावा लागतो. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी वेगळा निधी आहे, म्हणून आधी पुण्यातच चौकशी कर. आणि फ्रेंच शीक. न्यायालयाच्या दोन भाषांतली ती एक, आणि आपल्याकडची हुशार मुलं नेमकी तिथे अडतात.

मी? हे न्यायालय ज्या इमारतीत भरतं त्या पीस पॅलेसपासून सायकलने बारा मिनिटांवर राहते आणि एका कंपनीत जहाजांच्या मालाचे करार तपासते. पॅलेसमध्ये जाते ती ग्रंथालयात. तक्रार नाही, पण हे ठरवून झालं नव्हतं.

माझा सल्ला विचारशील तर दोन-तीन वर्षं हायकोर्टात एखाद्या सीनियरकडे काढ, रोज ड्राफ्टिंग कर, मग ये. उन्हाळ्यात पॅलेसमध्येच हेग अकादमीचे आंतरराष्ट्रीय कायद्याचे तीन आठवड्यांचे वर्ग असतात. आधी तेवढे करून बघितलंस तर बाबांचं कर्जही वाचेल.

तरीही याच वर्षी यायचं ठरलं, तर खोलीच्या बाबतीत डोळ्यात तेल घाल. घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नकोस, "या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का?" हा विचार. नोंदणी नाही तर बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक, नाही, आणि तो नाही तर पगार-विमा सगळं लटकतं. माझा पहिला घरमालक अनामत घेऊन झाल्यावर म्हणाला, नोंदणी चालणार नाही. सात आठवडे मी मैत्रिणीच्या सोफ्यावर होते. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो. ते वर्ष कापरासारखं उडतं, म्हणून अर्ज आधीपासून सुरू ठेव.

जेवणाची काळजी नको. हेगमधल्या पॉल क्रुगरलान रस्त्यावर सुरिनामी हिंदुस्तानींच्या, म्हणजे सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या, दुकानांत मेथी, कारली सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरचा आण, आणि पावसाळी जाकीट इथेच घे. पुण्याचं जाकीट इथल्या वाऱ्यात टिकत नाही.