गालावरची गाठ काढली, तर त्यात कोणता फिलर (चेहरा भरदार दिसावा म्हणून टोचतात तो पदार्थ) होता ते बायोप्सीत कळतं का?

हो, बहुतेक वेळा कळतं. सांगलीत मी बायोप्सी वाचते. अशा गाठी अधूनमधून येतात, पण सोबतच्या फॉर्मवर फिलरचा उल्लेखच नसतो. पेशंटला सांगायची लाज वाटते, नाहीतर काही वर्षांपूर्वी घेतलेलं इंजेक्शन ती विसरूनच गेलेली असते. म्हणून सर्जनना आवर्जून सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा.

मायक्रोस्कोपखाली मी आधी गाठीच्या पातळ कापातली भोकं बघते. फिलर सिलिकॉनचा असेल, तर स्लाइड तयार होताना तो बरंचसा निघून जातो. मागे लहानमोठी रिकामी भोकं उरतात, थेट आंबोळीच्या जाळीसारखी. भोकं गोल आणि जवळपास एकाच मापाची, ३० ते ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतील, तर पीएमएमए, म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांचा फिलर. पॉली-लॅक्टिक ॲसिडच्या फिलरचे कण टोकदार असतात आणि पोलराइज्ड प्रकाशात लखलखतात. कॅल्शियमवाल्या फिलरचे राखाडी-निळसर गोळे दिसतात.

हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर म्हणजे निळसर, बिनआकाराचा लगदा. अल्शियन ब्लू हा रंग लावला की तो गडद निळा होतो. इथे फसायला होतं, कारण पॉलीॲक्रिलामाइड जेल हा दुसरा फिलरही तोच रंग घेतो. मग स्लाइडवर हायल्युरोनिडेज (हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं एन्झाइम) घालून पुन्हा रंगवायचं: निळा रंग गेला तर हायल्युरोनिक ॲसिड, राहिला तर दुसरं काहीतरी.

ही खटपट पुढच्या उपचारासाठी फार मोलाची आहे. उरलेला फिलर हायल्युरोनिक ॲसिडचा असेल, तर हेच एन्झाइम टोचून तो विरघळवता येतो. सिलिकॉनवर त्याचा काहीही उपयोग नाही.