शब्दांची विचारपूस: ताक ‘कळकलं’ म्हणजे काय?

प्रश्न : आजी पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसे, ‘कळकेल’ म्हणायची. कळकणं म्हणजे नासणंच ना? ‘कळकट’ आणि ‘कल्हई’ हे शब्द त्यातूनच आले का?

उत्तर : नासणं वेगळं, आंबणं वेगळं. ते पदार्थ आपल्या गुणांनी करतो. कळकायला भांडं लागतं. पितळेत तांबं असतं. ताक, चिंच, आमसूल यांतल्या आंबटाने ते सुटतं आणि पदार्थात उतरतं. मग कडेने हिरवट-निळसर झाक येते, चव तुरट होते, मळमळतं. मी लहानपणी एकदा आमसुलाचं सार कल्हई उडालेल्या पातेल्यात काढून ठेवलं होतं. आईने वास घेतला, बोटाने कड पुसून हिरवं बोट मला दाखवलं आणि अख्खं सार मोरीत ओतलं. बोलली काहीच नाही. त्या दिवसापासून हा शब्द मला कोशात बघावा लागला नाही.

मूळ संस्कृत ‘कलंक’, म्हणजे डाग. फलचं फळ, कमलचं कमळ झालं तसा ‘ल’चा ‘ळ’ झाला, अनुनासिक गळलं आणि ‘कळक’ उरला. पितळेवरच्या हिरव्या थरालाही कळकच म्हणतात. (बांबूचा कळक निराळा, त्याला यात ओढू नका.) गंमत अशी की संस्कृत रूप माणसांच्या अब्रूला लागलं आणि मराठी रूप स्वयंपाकघरात राहिलं.

‘कळकट’बद्दल दोन मतं होऊ शकतात. मळकट, तेलकट यांत ‘कट’ प्रत्यय आहे, त्या चालीवर ‘कळ’ अधिक ‘कट’ म्हणता येईल. पण मग त्या ‘कळ’ला अर्थच उरत नाही. मला कळक अधिक ‘ट’ हेच पटतं.

कल्हई मात्र या घरातली नाही, जरी ती कळक थांबवते. अरबीत कथिलाला ‘कलई’ म्हणतात, आणि तो शब्द मलायाकडच्या ‘कलाह’ बंदराच्या नावावरून आल्याचं मानलं जातं. नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने तापल्या भांड्यात कथील फिरवणारा कल्हईवाला दारात यायचा, तेव्हा त्याच्या भात्याभोवती आम्ही पोरं कोंडाळं करायचो. स्टील आलं, तो गेला. आता माझी सून बिघडलेल्या इडलीच्या पिठालाही ‘कळकलं’ म्हणते. पीठ असतं स्टीलच्या डब्यात! मी दोनदा सांगून पाहिलं.