जादा डिझेल फिल्टर लावला म्हणून वॉरंटी नाकारली

प्रश्न : वकीलसाहेब, वरूड तालुक्यात माझा संत्र्याचा बगीचा आहे. घरी डिझेलची फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे. किंमत १४ लाख. घेऊन एक वर्ष दहा महिने झाले, ४१ हजार किलोमीटर चालली. वॉरंटी तीन वर्षांची आहे. पावसाळ्यात पांदणीतून बगीच्यात जायला तिच्याशिवाय इलाज नाही. ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम कोठ्यावर असतो, अडीनडीला त्यातलं डिझेल गाडीतही टाकतो. मागच्या पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी निघालं, म्हणून गावातल्या मिस्त्रीकडून टाकी आणि कंपनीचा फिल्टर यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा आणखी एक फिल्टर लावून घेतला. सात महिने काही त्रास नव्हता. आता हाय प्रेशर पंप गेला, इंजेक्टरही गेले म्हणतात. सर्व्हिस सेंटरनं १ लाख ८६ हजारांचा अंदाज दिला. ‘बाहेरचा फिल्टर लावला, वॉरंटी संपली’ असं तोंडी सांगितलं, वर आरटीओची केस होईल अशी भीती घातली. ‘दुरुस्ती स्वखर्चाने मान्य, कोणतीही तक्रार नाही’ या कागदावर सही मागतात. मिस्त्री म्हणतो, फिल्टर काढून जुना पाइप जोडून देतो, कोणाला कळणार नाही. मी काही चोरी केली काय जी?

उत्तर : भाऊ, चोरी केली नाही. पण मिस्त्रीचं ऐकलं तर चोरी केल्यासारखे दिसाल, म्हणून आधी तेच बोलतो.

फिल्टर काढू नका. गाडी सर्व्हिस सेंटरात उभी आहे. त्यांनी जॉब कार्डवर ‘बाहेरचा फिल्टर’ असं लिहिलं असणार आणि मोबाइलमध्ये फोटोही काढले असणार. शिवाय कापलेला पाइप पुन्हा जोडला की सांधा दिसतोच. उद्या ग्राहक आयोगात तुमच्या बाजूची दहा कागदपत्रं आणि समोरून तो एक फोटो आला, तर सदस्य तुमच्याकडे कोणत्या नजरेनं बघतील? फिल्टर लावला हे लपवण्यासारखं काही नाही. उलट तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात तुम्ही स्वतः लिहा, की अमुक तारखेला, अमुक कारणानं, अमुक ठिकाणी फिल्टर बसवला. मिस्त्रीकडून तसं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात होज (रबरी नळी) कोणता वापरला, क्लिप किती लावल्या हेही येऊ द्या. पक्कं बिल नसेल तर मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद चालेल.

आता आरटीओची भीती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करायला मनाई करतं, हे खरं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला, हेही खरं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकानं बेकायदा फेरफार केला तर दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण ‘फेरफार’ म्हणजे काय, ते कलम ५२ च्या स्पष्टीकरणातच दिलं आहे : गाडीच्या रचनेत असा बदल, ज्यानं तिचं मूळ स्वरूपच बदलतं. तुमचं आरसी पुस्तक उघडून बघा. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, सीसी, आसनं, वजन, रंग. डिझेलच्या पाइपमध्ये एक फिल्टर जास्त आल्यानं यातली कोणती नोंद बदलली? एकही नाही. इंजिन बदललं, पेट्रोलवर गॅस किट चढवली, बॉडी वाढवली, तर गोष्ट वेगळी. ही धमकी माझ्या मते हवेत सोडलेली आहे. त्यांना सांगा, लेखी द्या. देणार नाहीत.

खरा प्रश्न वॉरंटीचा आहे, आणि तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही.

वॉरंटीची पुस्तिका काढा आणि ‘काय समाविष्ट नाही’ ते पान वाचा. दोन प्रकारची भाषा असते. एक : ‘फेरफारामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही.’ दुसरी : ‘फेरफार केल्यास वॉरंटी रद्द.’ पहिल्या वाक्यातल्या ‘मुळे’ या शब्दावर तुमची सगळी केस उभी राहते. फिल्टर लावला एवढं दाखवून त्यांना सुटता येणार नाही. त्या फिल्टरमुळे पंप गेला हे दाखवावं लागेल, आणि अपवादाचा आधार जो घेतो, तो सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. दुसरी भाषा असेल तर मुद्दा जड जातो. ते कलमच अन्यायकारक आहे म्हणायचं तर ‘अनुचित करार’ म्हणून राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. म्हणून शक्यतो त्या वाटेला न जाता सेवेतील त्रुटीवर भर ठेवा.

पण त्याच पानावर आणखी एक ओळ असेल : दूषित किंवा भेसळीच्या इंधनामुळे झालेलं नुकसान. सर्व्हिस सेंटर आज फिल्टरवर बोट ठेवतं आहे. ज्या दिवशी त्यांचा वकील कागद हातात घेईल, त्या दिवशी तो ड्रमवर बोट ठेवेल. तुमच्याच पत्रात डिझेलमध्ये पाणी निघालं असं लिहिलं आहे.

ड्रमचं थोडं सांगतो, कारण माझ्याकडे आलेल्या तीन-चार प्रकरणांत हेच निघालं. ड्रम उघड्यावर उभा असतो. पाऊस पडला की वरच्या कडेत पाणी साचतं, बूच त्याच पाण्यात. दिवसा ऊन तापलं की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झालं की ड्रम आत श्वास ओढतो आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणीही ओढतो. बूच घट्ट लावलं होतं, असं प्रत्येक जण सांगतो. ट्रॅक्टरचं जुन्या पद्धतीचं इंजिन थोडं पाणी सहन करून जातं. तुमच्या गाडीचा कॉमन रेल पंप, म्हणजे तोच हाय प्रेशर पंप, डिझेल दीड-दोन हजार बार दाबापर्यंत दाबतो आणि त्याच्या आतल्या भागांना वंगणही त्याच डिझेलचं. पाणी गेलं की गंज, गंजानं खाचा, खाचांतून निघालेली चुरी इंजेक्टरपर्यंत. ड्रम ठेवणं मात्र बेकायदा नाही. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका भांड्यात १ हजार लिटरपेक्षा जास्त नाही आणि एका जागी सगळं मिळून २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं. तेवढी चिंता नको.

तेव्हा पंप उघडल्यावर आत काय दिसतं, त्यावर पुढचं सगळं ठरेल. गंज आणि खड्डे दिसले तर पाण्याचा मामला. तिथे जादा फिल्टरचा दोष नसला, तरी वॉरंटीही मिळणं कठीण. अशा वेळी मी पक्षकाराला लढायला सांगत नाही. कंपनीकडे सद्भावनेचा हिस्सा मागा म्हणतो, म्हणजे सुटे भाग त्यांनी द्यावेत, मजुरी तुम्ही द्यावी. गंज नाही, पण घासल्याच्या रेघा आणि चमकती चुरी आहे, तर दोन शक्यता. एक, पंपच सदोष. दुसरी, मिस्त्रीच्या सांध्यातून हवा शिरत होती किंवा फिल्टर तुंबून पंपाला डिझेल कमी पोचत होतं. बऱ्याच गाड्यांत टाकीकडून येणारा पाइप ओढीचा असतो, तिथली क्लिप सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब नाही म्हणजे सांधा बरोबर, असं समजू नका. सात महिने गाडी नीट चालली हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पण एकट्याच्या बळावर तो पुरणार नाही.

हे कोण ठरवणार? सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर नक्कीच नाही. त्यांना आजच ईमेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टनं पाठवा, एक प्रत गाडीच्या कंपनीला. मजकूर साधा ठेवा : पंप माझ्या समोर उघडावा, उघडतानाचे फोटो आणि गाडीच्या संगणकातल्या फॉल्ट कोडची छापील प्रत द्यावी, काढलेले भाग माझ्या ताब्यात द्यावेत, आणि वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली ते लेखी कळवावं. जमलं तर स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअर सोबत न्या. टाकीतलं डिझेल तीन स्वच्छ बाटल्यांत काढा, सील करून दोघांच्या सह्या घ्या. एक तुम्ही ठेवा, एक त्यांना द्या, एक तपासणीसाठी. फॉल्ट कोडच्या कागदाला हलकं समजू नका. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा कधी लागला होता का, हे त्यात निघू शकतं. लागला होता आणि तुम्ही तशीच गाडी चालवली असेल, तर मला आत्ताच सांगा. आयोगासमोर उभं राहून ते ऐकायला मला आवडणार नाही.

त्या कागदावर सही करू नका. ‘तक्रार नाही’ लिहून दिल्यावर तक्रार करायला येणारे बरेच असतात. गाडीवाचून बगीच्याचं काम अडलं असेल आणि पैसे भरून दुरुस्ती करणं भाग असेल, तर करा, पण जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहा : ‘हक्क राखून, निषेध नोंदवून पैसे भरत आहे.’ खाली तारीख आणि सही, आणि लगेच फोटो. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवण्याचा हक्क त्यांना करार कायद्याच्या कलम १७० नं आहे. कामच केलं नसेल तर नाही. जागाभाड्याची धमकी दिली तर ते कोणत्या कराराप्रमाणे, एवढंच विचारा.

तक्रार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. शोरूम नागपूरला असलं तरी हरकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय केली. अधिकारक्षेत्र मोजताना दुरुस्तीचा खर्च नव्हे, गाडीसाठी मोजलेली रक्कम धरतात. ती ५० लाखांच्या आत असल्यानं जिल्हा आयोग, आणि १४ लाखांवर शुल्क ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. नकार तोंडी असेल तर ही दोन वर्षं कधीपासून मोजायची यावर वाद होतो, लेखी नकार मागा म्हणालो ते यासाठीही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो आहे. कंपनी आणि विक्रेता दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

तक्रारीच्या मजकुरात एक चूक हमखास होते. इंटरनेटवरचा नमुना उतरवून लोक ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूनं हानी केली तर बनवणाऱ्याची-विकणाऱ्याची भरपाईची जबाबदारी) असं शीर्षक देतात. ते देऊ नका. ग्राहक संरक्षण कायद्यातल्या त्या विषयाच्या कलम ८७ मध्येच लिहिलं आहे, की वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध ती कारवाई चालत नाही. शिवाय त्यातल्या ‘हानी’ मध्ये खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान धरतच नाहीत. तुम्ही ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ एवढंच म्हणा. सोबत त्याच कायद्याच्या कलम ३८ खाली भागांची तज्ज्ञ तपासणी मागणारा अर्ज द्या. आयोग ते सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, खर्च सुरुवातीला तुम्हाला भरावा लागेल. गाडी शेतीसाठी वापरता म्हणून ‘व्यावसायिक हेतू’ चा आक्षेप येईल. स्वतः राबून पोट भरण्यासाठीचा वापर त्यात धरत नाहीत. सात-बारा जोडा.

विम्यातून काही निघेल ही आशा ठेवू नका, यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत येत नाही. मात्र पुढे फिल्टर राहणारच असेल तर विमा कंपनीला एक पत्र टाकून ठेवा. उद्या गाडीला आग लागली तर पहिला प्रश्न त्याचाच निघेल.

आणि त्या जादा फिल्टरच्या खाली पारदर्शक वाटी असेल. तिच्यात आज जे काही साचलं आहे, पाणी असो, गाळ असो की नुसतं स्वच्छ डिझेल, ते कोणाला सांडू देऊ नका. सर्व्हिस सेंटरचा पोरगा धुवायला घेईल, त्याच्या आधी जाऊन पोचा.