ऑनलाइन बीकॉमला नाव घालण्याआधी आपण तयार आहोत की नाही, हे कसं ओळखावं?

तुम्ही विचारलंय ते असं: निपाणीजवळच्या खेड्यात राहता, एसएसएलसी मराठी माध्यमातून, सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) कॉमर्स झालं, तीन वर्षं होलसेल किराणा दुकानात कामाला आहात. आता काम न सोडता ऑनलाइन बीकॉम करायचंय. आपल्याला ते झेपेल की नाही, हे फी भरण्याआधी कसं कळणार?

मी बेळगावात वडगावला राहते. माझं ऑनलाइन बीकॉम २०२५ मध्ये पूर्ण झालं, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला एका सेमिस्टरची फी भरली आणि परीक्षेला बसलेच नाही. त्या फीचे पैसे नवऱ्याने साडीच्या मजुरीतून बाजूला काढून ठेवलेले होते. तुमचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरात खाली चार माग आहेत. सकाळी आठला सुरू झाले की जिन्याची फळीसुद्धा थरथरते. पहिल्या वेळी मला वाटलं होतं, लेक्चर रेकॉर्ड केलेली आहेत, कधीही बघता येतात, म्हणजे आपल्यासारख्या घरच्या बाईला सोयीचंच. ते ‘कधीही’ म्हणजे भांडी झाल्यावर, पोराचा अभ्यास झाल्यावर, मागाच्या कांड्या भरायचं काम झाल्यावर. रात्री अकराला मोबाईल हातात घेऊन भिंतीला टेकले की पाच मिनिटांत डोळा लागायचा. दिवाळीपर्यंत ५७ लेक्चर साठली. नंतर नंतर तो आकडा बघायचीच भीती वाटायला लागली, आणि मी अॅप उघडणं सोडून दिलं. कॉलेजात दोन दिवस दिसलो नाही तर मैत्रीण विचारते, सर नाव घेऊन ओरडतात. इथे मी दोन महिने गायब होते आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून नेट बरं आहे का, लॅपटॉप लागेल का, या गोष्टी मी दुसऱ्या नंबरावर ठेवते. त्यातलं एवढंच बघा, की लेक्चर डाऊनलोड करून ठेवता येतात का. आमच्याकडे लाईट गेली की माग थांबतात, घर एकदम शांत होतं, अभ्यासाला त्याहून चांगला वेळ नाही. पण तेव्हाच राउटरही बंद. रात्रीच दोन लेक्चर उतरवून ठेवायला लागले तेव्हा ती शांतता माझ्या उपयोगाला आली. खानापूरच्या वरच्या अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात राहणाऱ्यांनी तर हे आधी बघावंच.

खरा हिशोब तासांचा आहे, आणि तो कुणी समजावून सांगत नाही. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात; क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. मुक्त आणि दूरशिक्षणात एका क्रेडिटला साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यात लेक्चर, वाचन, असाइनमेंट सगळं आलं. तीन वर्षांची सहा सेमिस्टर, म्हणजे एका सेमिस्टरला २० क्रेडिट, ६०० तास. पंचवीस आठवड्यांनी भागा: आठवड्याला २४ तास. कुणी म्हणेल एवढं कुणी करत नाही, आणि खरंच मीही प्रत्येक आठवड्याला केलं नाही. पण १५-१६ तासांच्या खाली गेले की पुढच्या महिन्यात त्रास व्हायचाच. तुमचं दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ असेल, तर हे तास नेमके कुठून काढणार, ते आजच कागदावर मांडा.

पण कागदावरचे तास खोटे असतात. म्हणून दुसऱ्यांदा नाव घालण्याआधी, २०२२ च्या पावसाळ्यात, मी दोन आठवडे रंगीत तालीम केली. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ म्हणून पोर्टल आहे, २०१७ पासून. तिथे नाव नोंदवून धडे बघायला पैसे पडत नाहीत; परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. अकाउंटिंगचा एक कोर्स घेतला आणि शंभर पानी वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या ठरवल्या: किती वाजता बसले, किती वाजता उठले, कशामुळे उठले.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात सातपैकी तीनच दिवस बसलेय. सोमवार, रात्री १०.४० ते १०.५५, झोप. मंगळवारी मंगाईची यात्रा, पाहुणे, काहीच नाही. गुरुवारी दुपारी २.१० ते २.२५, धागा तुटला म्हणून खालून हाक. शनिवारी पोराला ताप. ‘कशामुळे’च्या रकान्यात एकदाही ‘कंटाळा’ नव्हता. ते वाचून मला रडूच आलं, कारण वर्षभर मी स्वतःला आळशी म्हणत होते. मला कुणाचीही हाक येणार नाही अशी वेळ दिवसात एकच होती, पहाटे साडेचार ते सात.

दुसऱ्या आठवड्यात ती वेळ धरली, आणि सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, की सातपर्यंत चहासुद्धा मी करणार नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पहाटं उठून अभ्यास करतीस तर कर. पर दुपारी घटकाभर पडायचं. आजारी पडलीस तर कोण बघायचं?” त्या आठवड्यात सहा दिवस बसले. तुमच्या घरी हे वाक्य कुणाला बोलायचं, आई, आजोबा की दुकानाचा मालक, ते तुम्हालाच ठाऊक. पण फी भरण्याआधी बोला. आणि सुगीत शेतावर जावं लागत असेल तर तेही त्याच वेळी बोलून घ्या, कारण सेमिस्टरची परीक्षा सुगीसाठी थांबत नाही.

आता भाषा. आपल्या भागातल्या पोरांची इथेच सगळ्यात जास्त दमछाक होते. दहावीपर्यंत मराठी, पीयूसीला एकदम इंग्रजी किंवा कन्नड. वर्गात निदान सर फळ्यावर लिहून दोन वाक्यं मराठीत सांगायचे. ऑनलाइनला ते नाही. बहुतेक कोर्स इंग्रजीत, काही हिंदीत. डेप्रिसिएशन हा शब्द मी पीयूसीत पाठ केलेला होता, पण तो खरा कळला चंदगडच्या मामेबहिणीच्या अकरावीच्या मराठी पुस्तकात. घसारा. माग जुना होतो, त्याचे दात झिजतात, पाच वर्षांनी विकायला काढला तर निम्मे पैसे येत नाहीत, तो घसारा. त्या दिवसापासून वहीच्या समासात जोड्या लिहायला लागले: जर्नल म्हणजे रोजकीर्द, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. तुम्ही होलसेल दुकानात आहात, जमा-नावे तुमच्या रोजच्या हाताखालचं आहे. हे भांडवल फार मोठं आहे, ते कमी समजू नका.

तुमची तयारी बघायची असेल तर एक इंग्रजी पान घ्या, वीस मिनिटं वाचा, पुस्तक मिटा आणि घरातल्या कुणालातरी मराठीत सांगा. ऐकणाऱ्याला कळलं तर भाषा तुम्हाला अडवणार नाही. नाहीच जमलं तर सहा महिने थांबून रोज एक पान करा, त्यात कमीपणा काही नाही. प्रवेश जुलै आणि जानेवारी असे वर्षातून दोनदा निघतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑनलाइन आणि दूरशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या विद्यापीठाचं दूरशिक्षण त्या राज्याच्या हद्दीतच चालतं, म्हणून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र निपाणीत शोधू नका. मान्यता असलेल्या पूर्ण ऑनलाइन कोर्सला ही हद्द नाही. आपल्या सीमाभागाला त्याचा खरा फायदा आहे. कोर्स मान्य आहे का, ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव आणि वर्ष घालून स्वतः बघा. तो मान्य असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२४ पासून प्रवेशाआधी डीईबी आयडी काढावा लागतो, तो तुमचा तुम्ही काढा. कुणी गाळा उघडून “अॅडमिशन, असाइनमेंट, पेपर सगळं आमच्याकडून” म्हणत असेल तर तिथे एक रुपया देऊ नका; विद्यापीठाला अशी फ्रँचायझी वाटायला मनाई आहे. आणि प्रत्येक सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के वजन असतं, ती देखरेखीखालीच होते. घरून कोर्स म्हणजे घरून पास, असं नाही.

तर दोन आठवड्यांची वही आधी. चौदापैकी दहा दिवस तुम्ही तासभर तरी बसलात, तर माझ्या मते फी भरा. कमी भरले तर ‘कशामुळे’चा रकाना वाचा आणि वेळ बदलून पुन्हा दोन आठवडे करा, वेळ मलाही बदलावीच लागली. वही झाली की इथेच खाली लिहा, किती दिवस बसलात ते. माझ्या समासातले अकाउंट्सचे इंग्रजी-मराठी शब्द दोनशेच्या वर आहेत, पानांचे फोटो काढून तुम्हाला देते.