प्रार्थना सुचत नाही तेव्हा

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. यजमान वर्षभरापासून डायलिसिसवर आहेत. रात्री प्रार्थनेला बसते, पण शब्द फुटत नाहीत, उलट देवाचा रागच येतो. माझा विश्वास संपला का?

ताई, सलाम. संपला असता तर तुम्ही रागावला कुणावर असता? बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. अवघी सहा वचनं. त्यातल्या पहिल्या दोनांतच दावीद 'कुठवर?' असं चार वेळा विचारतो. शेवटी तो गाण्याकडे वळतो खरा, पण ८८वं स्तोत्र तेवढंही वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि आशेची एखादी ओळ जोडून कुणी ते गोड केलेलं नाही.

डायलिसिस चालू असताना तीन-चार तास शेजारी बसावं लागतं, तेव्हा यातलं एकच स्तोत्र हळू वाचा. जमलं नाही तर प्रभूची प्रार्थना म्हणा. तीही ओठांवर येत नसेल, तर मंडळीतल्या एखाद्या बहिणीला सरळ सांगा, "माझ्या वतीने तू कर." मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं छपरातून खाली सोडतात. तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस तर एक शब्दही बोललेला नाही.

प्रश्न: मला मधुमेह आहे. प्रार्थनासभेत सांगतात, विश्वास कमी पडतो म्हणून बरं वाटत नाही; गोळ्या सोड, उपास कर.

गोळ्या सोडू नका. मधुमेहात डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासही नको. प्रेषित पौलाने सोबती तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसरा सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारी ठेवून तो पुढे गेला. स्वतःच्या शरीरातला 'काटा', म्हणजे सततचा त्रास, निघावा म्हणून त्याने तीनदा विनवलं, पण काटा राहिला. आता पौलाचाही विश्वास कमी होता म्हणायचं का? संकटात सापडलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडून त्यालाच दोष दिला आणि बिघडलं. शेवटी देव संतापला तो त्यांच्यावरच.

प्रश्न: बाप्तिस्मा घेतल्यापासून घरचे बोलत नाहीत. काय करू?

दादा, वाद घालू नका आणि जाणं-येणं तोडू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र संसार सुरू झाल्यावरही बाई आपलं सोवळं पाळत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, त्यांच्या मनाने घेतल्यावर. प्रत्येक घरात असंच घडेल, असं मी म्हणणार नाही. पण आईच्या औषधपाण्याला तुम्ही हजर असलात, तर ते तिला दिसेल.

प्रश्न: आमची मुलगी गेली. लोक म्हणतात, देवाने परीक्षा घेतली. खरं का?

मला तसं म्हणवत नाही. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे ठाऊक असूनही येशू तिथे रडला. केडगावचं मुक्ती मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही बाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. तो पोटचा घाव भरला होता, असा अर्थ मी त्यातून काढणार नाही. रविवारी उपासनेला या, मागच्या बाकावर बसा. गायला नाही जमलं तरी चालेल, बाकीचे गातील.