वितळलेल्या निकेलमध्ये ऑक्साइडची पूड ढवळून घातली तर सुपरअलॉय (प्रचंड उष्णतेत टिकणारा मिश्रधातू) बळकट होणार नाही का?

नाही होणार. असंच काहीसं लोट्याच्या एमआयडीसीत माझ्या डोळ्यांदेखत झालंय, म्हणून लिहितोय.

ही पूड असते इट्रियाची, म्हणजे इट्रियम ऑक्साइडची. तिची घनता 5, निकेलची 8.9. आंबिलासाठी नाचणीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, तशी ती पूड गुठळ्या होऊन वर येते. डिस्लोकेशन (धातूच्या स्फटिकातला दोष, तो सरकला की धातू वाकतो) अडवायला कण दहा-वीस नॅनोमीटरचे आणि सुटे, जवळजवळ पसरलेले लागतात. म्हणून इन्को या निकेल कंपनीच्या जॉन बेंजामिन यांनी 1960च्या दशकात वितळवणंच टाळलं. धातूची भुकटी आणि ऑक्साइड बॉल मिलमध्ये तासन्‌तास कुटायचं, मग गरम एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढणं. अशा एमए 754 या निकेल-क्रोमियम मिश्रधातूत इट्रिया जेमतेम 0.6 टक्के असते.

आमच्या भट्टीत याच जातीच्या धातूची आधाराची पट्टी होती, 1150 अंशांना चालणारी. गणपतीच्या तोंडावर तिला तडा गेला. साहेब म्हणाले, "टिग वेल्डिंग मारा, चतुर्थीच्या आत भट्टी चालू झाली पाहिजे." मी म्हटलं, "साहेब, ही वितळवायची नसते, पिन घालून आवळू या." "निकेलच आहे ना?" एवढं बोलून ते निघून गेले. वेल्डर दाभोळचा, हात सफाईचा. डाय पेनेट्रंट (तडे दाखवणारा रंग) लावून पाहिलं, सांध्यावर रेघसुद्धा नाही. भट्टी तापल्यावर तिसऱ्या दिवशी पट्टी नेमकी तिथेच वाकून खाली बसली. अहवालात आलं: वेल्डिंग सदोष. पुढच्या कंत्राटात त्या वेल्डरला घेतलं नाही.

वेल्डिंग सदोष नव्हतंच! धातू वितळला तिथे ऑक्साइड गोळा झालं आणि सांध्यात उरलं साधं निकेल-क्रोमियम. ते त्या तापमानाला भार कसा पेलणार? हे धातू ब्रेझिंगने (मध्ये कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू घालून), डिफ्यूजन बाँडिंगने (न वितळवता, गरम करून दाबून) नाहीतर पिनने जोडतात. टिग मारायला सांगणाऱ्याचीच चूक.

ऑक्साइड सगळीकडे श्रेष्ठ असंही नाही. 700-800 अंशांना गॅमा प्राइमवाले (धातूतच तयार होणारे, बळकटी देणारे बारीक कण असलेले) ओतीव मिश्रधातू जास्त ताकदीचे आणि स्वस्त पडतात. 1100च्या पुढे गॅमा प्राइम विरघळत जातो, ऑक्साइड टिकतं, तिथेच याचा उपयोग.

तुमच्याकडे असा सांधा वाकून खचला तर आधी तो कापा, पॉलिश करा, मायक्रोस्कोपखाली बघा, गुठळ्या दिसतील. आम्ही कापलाच नाही. त्या अहवालावर माझीही सही आहे.