टाय-अप आहे, पण मुलीच्या हाती काम कोणतं येणार?

इंजिनिअरिंगचं सातवं सेम सुरू झालं की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. कॉलेज सांगतं, अमुक कंपनीशी आमचं टाय-अप, म्हणजे करार आहे, मुलीनं शेवटचं सेम पुण्यात इंटर्नशिप करावी. पाठवावं का? पदरचे पैसे घालून नोकरीची खात्री नसेल, तर घरीच बसून ऑनलाइन कोर्सची चार सर्टिफिकेटं मिळवली तर काय बिघडलं?

इचलकरंजीचं एक कुटुंब हेच विचारायला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलीला आपण मीनल म्हणू.) वडिलांचे यंत्रमाग, आई घरी शिवणकाम करते. मीनल कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, सीजीपीए (दहापैकी सरासरी गुण) आठच्या वर, एकही केटी नाही, म्हणजे एकही विषय राहिलेला नाही. तरीही कॅम्पसच्या दोन भरती ड्राइव्हमध्ये अ‍ॅप्टी (पहिली चाळणी परीक्षा) पार करून इंटरव्ह्यूत बाहेर पडलेली.

"पोरगी हुशार हाय मॅडम, पण चारचौघांत तोंड उघडत न्हाई," आई म्हणाली. वडिलांचा हिशोब वेगळा होता. "फी माफ झाली ते बरंच झालं. पण पुण्यात सहा महिने म्हणजे पीजी, मेस, बस, सगळं घरचंच की."

हिशोब चूक नव्हता. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींच्या घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून राज्य सरकार त्यांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी भरतं. पुण्यातली खोली आणि दोन वेळचा डबा त्या माफीत येत नाही. आणि नेमक्या याच टप्प्यावर घरं कचरतात, त्यातही मुलगी असेल तर जास्तच.

आईवडिलांना बाहेर बसवून मी मीनलशी बोलले. प्रोजेक्ट काय होता? बाजार समित्यांमधल्या कांद्याच्या दराचा अंदाज बांधणारं मॉडेल.

"त्यात तू काय केलंस?"

"आम्ही डेटा गोळा केला, मॉडेल ट्रेन केलं…"

"तू?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ब्लॅकबुक माझ्याकडे होतं. आणि पीपीटी." ब्लॅकबुक म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट.

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही. चार जणांचा ग्रुप, दोन मुलगे, दोन मुली. मुलगे रात्री हॉस्टेलवर बसून कोड लिहितात. मुलींना साडेसहाची एसटी पकडायची असते, शिवाय 'तुझं अक्षर चांगलं, तुझं इंग्लिश चांगलं' असं म्हणत ब्लॅकबुक त्यांच्याकडे सरकतं. कुणी मुद्दाम करतं असं नाही. पण मुलाखत घेणारा ब्लॅकबुकचं कव्हर उघडतही नाही. तो विचारतो, हे असंच का केलं, दुसऱ्या पद्धतीनं का नाही? ते ठरवताना मीनल तिथे नव्हतीच.

उद्योगांनी मुलींच्या तंत्रशिक्षणात पैसा घालणं आपल्याकडे नवं नाही. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं कमिन्स कंपनीच्या मदतीनं 1991 साली पुण्यात खास मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. मुलींचं वेगळं कॉलेज कशाला, असं अजूनही लोक म्हणतात. मला त्यात एक फायदा स्पष्ट दिसतो. ग्रुपमध्ये सगळ्या मुलीच असतील, तर कोड लिहायलाही मुलगीच बसणार.

मीनलला खोदून विचारत गेले तेव्हा कळलं की डेटा तिनंच साफ केला होता. एकाच बाजार समितीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, कुठे दर क्विंटलचा तर कुठे किलोचा. ते तिनं शोधून दुरुस्त केलं, त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली. "पण ते काय काम नव्हे मॅडम, ते नुसतं आवरणं." तिला म्हटलं, आता वही काढ आणि हे सगळं लिही, प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी'नं कर. तिला ते जड गेलं.

वडिलांना सांगितलं, कॉलेजनं किती कंपन्यांशी करार केलेत ते मोजू नका, टीपीओ सरांना, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंट बघणाऱ्यांना, फोन करा. कंपनीत मुलीला काम नेमून देणारा माणूस कोण? तिला स्वतःचं लॉगिन आणि स्वतःच्या नावावर काम मिळणार, की पुन्हा ग्रुप? गेल्या वर्षी तिथे गेलेल्या मुलींशी बोलता येईल का? कंपनी 'इंटर्नशिप'साठी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर तो क्लास समजा. आणि मूळ मार्कशीट कुणाच्याही हाती ठेवू नका.

चौकशीत एक टाय-अप वर्षातून एका गेस्ट लेक्चरपुरतं निघालं. दुसरं खरं होतं: माजी विद्यार्थ्याची हिंजवडीतली लहानशी कंपनी, स्टायपेंड थोडा, काम टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायचं. टेस्टिंग म्हटल्यावर मीनलचा चेहरा पडला, मुलींना तिथेच टाकतात म्हणून. तक्रार अगदीच खोटी नाही. पण दिवसभर हातानं बटणं दाबून पाहणं वेगळं आणि ते तपासणारा कोड लिहिणं वेगळं. तिनं आधीच मेल करून विचारलं. उत्तर आलं, ऑटोमेशन आहे, म्हणजे कोड लिहायचंच काम.

आईची काळजी रात्रीची होती. तिला दोन कायदे सांगितले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बिनपगारी प्रशिक्षणार्थीलाही लागू होतो, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. दुसरा महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा: रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घरी पोचवण्याची सोय मालकाची. आईनं दोन्ही साली मुलीच्या वहीत लिहून घ्यायला लावल्या. वर्गातल्या दोघींबरोबर वाकडला खोली मिळाली तेव्हा कुठे ती तयार झाली.

सहा महिन्यांनी त्या कंपनीनं मीनलला घेतलं नाही, त्यांची भरती थांबली होती. वडील नाराज झाले. दोन महिन्यांनी ऑफ-कॅम्पस (कॉलेजबाहेरच्या) मुलाखतीतून कोल्हापुरातल्या एका कंपनीत लागली. मोठ्या कंपनीत गेलेल्या मैत्रिणींपेक्षा पगार कमी आहे, तो वडिलांना अजून खुपतो. मुलाखतीत काय विचारलं, असं मी विचारलं. तिनं लिहिलेल्या एका टेस्टबद्दलच अर्धा तास बोलणं झालं म्हणे.

पास होऊन घरी बसलेल्या मुलींच्या आया विचारतात, आमची तर वेळ गेली का? नाही. केंद्राच्या नॅशनल अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीममध्ये पदवी आणि डिप्लोमाधारकांना वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळते. स्टायपेंडचा काही भाग सरकार उचलतं, त्यामुळे लहान कंपन्याही घ्यायला तयार होतात. पोर्टलवर नोंदणी मुलीनं स्वतः करायची, फुकट असते. टीपीओ सरांना विचारायचे प्रश्न मात्र तिथेही विचारा.